तळटीप : नाइल्सचे मूकपट
* लेखक ज्याला नुसते 'नाइल्स' म्हणतात, ते गाव १९५६पासून कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट शहराचा भाग आहे. एसाने या चित्रपट कंपनीचा स्टुडिओ तिथे १९१२ ते १९१६ चालला. चॅप्लिनचा 'द ट्रॅम्प' (१९१५) तिथलाच. पण गावाचा खरा नायक 'ब्रॉन्को बिली' अँडरसन. पडद्यावरचा हा अस्सल काउबॉय मुळात मॅक्स ॲरनसन, ज्यू कुटुंबातला. स्वतः नाव बदलून आलेल्या या गृहस्थाने इतरांना मात्र ठरलेल्या साच्यातच बसवले. 'ब्रॉन्को बिली अँड द ग्रीझर'मध्ये (१९१४) मेक्सिकन माणसाला दिली जाणारी शिवी थेट शीर्षकातच आहे.

तो काळच तसा होता, असे म्हणून लेखक पुढे सरकतात. हे पुरते पटत नाही. नाइल्सच्या उत्तरेला, जवळच्याच ओकलंडमध्ये, मॅरियन वाँग या चिनी-अमेरिकन तरुणीने १९१६च्या सुमारास 'द कर्स ऑफ क्वॉन ग्वॉन' काढला. नवी सून, सासर, घरातले हेवेदावे असा सगळा मेलोड्रामाचा ऐवज. पात्रे चिनी आणि नटही चिनीच, त्यातले बरेचसे घरचे. वहिनी व्हायलेट नायिका, तर खलनायिका स्वतः मॅरियन (दिग्दर्शिकेने चांगली भूमिका स्वतःकडे ठेवली, म्हणायचे!). चित्रपटाला वितरक मिळाला नाही. उरलेली रिळे २००६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समाविष्ट झाली.

साचे त्याच काळात आपल्याकडेही मोडत होते. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामतीची भूमिका साळुंके या पुरुषाने रंगवली. पाठोपाठ 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. — संपा.