फ्रेंच सुवर्ण नमुना-नाणी
नवे नाणे प्रचारात आणण्यापूर्वी त्याचे वजन, व्यास व ठसा यांची पारख करण्यासाठी पाडलेली फ्रान्सची सोन्याची नाणी. त्यांवर बहुधा ‘एसे’ म्हणजे ‘चाचणी’ हा शब्द कोरलेला असतो. दुप्पट किंवा अधिक जाडीच्या नाण्यांना ‘प्येफोर’ अशी वेगळी संज्ञा आहे. तेराव्या लूईच्या कारकीर्दीत झां व्हारँ याच्या ठशांवरून १६४० मध्ये पाडलेल्या दहा लूईच्या भारी नाण्यांची गणना कित्येकदा नमुन्यांत केली जाते. वस्तुतः ती राजदरबारी देणगीची नाणी होत.

दुसऱ्या प्रजासत्ताकाने १८४८ मध्ये नव्या नाण्यांसाठी कोरीवकारांची स्पर्धा ठेवली. तीत सुवर्ण नाण्यासाठी लूई मेर्ले याची सीरीझ देवतेची मुखाकृती निवडली गेली. स्पर्धेतील बहुतेक नमुने कथिल, तांबे अशा हलक्या धातूंचे आहेत. सोन्यातील नमुने विरळा.

ऐतिहासिक दृष्ट्या सर्वांत बोलके नमुने १८६७ चे आहेत. फ्रान्स, बेल्जियम, इटली व स्वित्झर्लंड यांनी १८६५ मध्ये लॅटिन चलनसंघ स्थापन केला होता. १८६७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय चलनपरिषदेत २५ फ्रँकच्या सुवर्ण नाण्याची शिफारस झाली. या योजनेच्या एका नमुन्यावर ५ डॉलर व २५ फ्रँक, तर दुसऱ्यावर १० फ्लोरिन व २५ फ्रँक अशी दुहेरी मूल्ये आहेत. हिशेब वरवर सोपा दिसे. अडचण वजनातच होती. २५ फ्रँकमध्ये ७·२६ ग्रॅ. शुद्ध सोने भरे, तर ब्रिटिश सॉव्हरिनमध्ये ७·३२ व अमेरिकेच्या पाच डॉलरमध्ये ७·५२ ग्रॅ. भरे. म्हणजे ब्रिटनला पाउंड सु. एक टक्क्याने, तर अमेरिकेला डॉलर सु. साडेतीन टक्क्यांनी हलका करावा लागला असता आणि जुनी कर्जे कोणत्या दराने फेडावयाची, हा वाद उद्‌भवला असता. ब्रिटनने हा बदल स्वीकारला नाही; १८७० च्या युद्धात फ्रेंच साम्राज्यच कोसळले. ऑस्ट्रिया-हंगेरीने मात्र १८७० पासून ८ फ्लोरिन-२० फ्रँक मूल्याची नाणी पाडली. २५ फ्रँकचे नाणे फ्रान्सच्या चलनात कधीच आले नाही. हे मोजके नमुनेच त्या योजनेचे धातुरूप अवशेष होत.

अशा नाण्यांच्या संग्रहास शास्त्रीय बैठक देण्यात झां माझार याच्या १९६५ व १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांचा मोठा वाटा आहे. त्याचे अनुक्रमांक लिलावसूचींत आजही दिले जातात. ईजिप्तचा पदच्युत राजा फारूक याच्या सु. ८,५०० सुवर्ण नाण्यांचा व पदकांचा लिलाव १९५४ मध्ये कैरो येथे झाला. त्यात फ्रेंच नाणीही होती. अशा संग्रहातून आलेल्या नाण्याची पूर्वमालकी सिद्ध झाल्यास त्याची किंमत वाढते.

तथापि केवळ दुर्मिळतेवर भिस्त ठेवणे धोक्याचे ठरते. जुन्या साच्यांवरून नंतरच्या काळातही प्रती पाडल्या गेल्या. पॅरिसची टाकसाळ १८८० पासून पदकांच्या व अशा प्रतींच्या कडेवर समृद्धिशृंगाचे चिन्ह उमटवू लागली. त्यामुळे १८६७ हे साल असलेल्या नमुन्याच्या कडेवर ते चिन्ह आढळल्यास तो उत्तरकालीन समजावा.