लॉज : पाथरवटांची खोप

बसस्टँडजवळच्या ‘लॉज’चा उगम झाडाच्या पानांत आहे. जुन्या जर्मॅनिक भाषांत पानाफांद्यांच्या मांडवाला जो शब्द होता, तो फ्रेंचमध्ये ‘लोज’ झाला आणि पुढे इंग्रजीत गेला. ‘लॉबी’ही त्याच कुळातली.

मध्ययुगात कॅथीड्रल बांधणारे पाथरवट भिंतीलगत खोप घालत. तिथेच दगड घडवायचे, हत्यारे ठेवायची, विसावायचे. त्या खोपीला लॉज म्हणत. फ्रीमेसन या बंधुसंघाने ते नाव उचलले आणि आपल्या शाखेला व सभेलाही दिले. 1717 साली लंडनमधल्या चार लॉज एकत्र येऊन ग्रँड लॉज झाली, असे परंपरा सांगते. बंधुभाव, मदत आणि सत्य ही तिची तत्त्वे. सभेत धर्म आणि राजकारणावरचे वाद वर्ज्य. हा नियम फार शहाणपणाचा.

बंधुभावाच्या तत्त्वाची खरी परीक्षा मुंबईत झाली. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या लॉजमध्ये प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. अखेर 1843 मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज काढली.

भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज 1961 मध्ये स्थापन झाली. तिच्या सभांत गीता, कुराण, बायबल असे निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ शेजारीशेजारी ठेवलेले असतात.