सुईची भीती

आमच्या पालममध्ये एखाद्या बाईच्या छातीत गाठ लागली, की घरातल्या म्हाताऱ्या पहिला सल्ला देतात, "सुई मत लगाव, सुई लगी तो बीमारी फैलती." लहानपणापासून मी हे वाक्य ऐकत आलो आहे. मोहल्ल्यातल्या एका खालांनी ते मानले आणि वर्षभर गाठ ओढणीआड लपवली. अखेर त्यांना नांदेडला नेले, तुकडा तपासला. पण तोवर आजार हाताबाहेर गेला होता. सुई लागली आणि खाला गेल्या, असे सगळे म्हणाले. सुई लागायला वर्ष लागले म्हणून त्या गेल्या, असे मात्र कोणीच म्हणाले नाही.

ज्या तपासणीला आपण एवढे भितो, तिचा इतिहास तरी आपल्याला ठाऊक असावा. बायोप्सी म्हणजे शरीरातल्या संशयित जागेचा लहानसा तुकडा काढून तपासणे. तो मेणात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप करतात, त्यांना रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण पाहतात. गाठ साधी आहे, क्षयाची आहे की कर्करोगाची, हे बहुतेक वेळा त्यावरूनच पक्के ठरते.

या तपासणीचा आरंभ कॉर्डोव्याचे शल्यचिकित्सक अबुल कासिम अल-झहरावी यांनी केला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. त्यांचा काळ दहाव्या-अकराव्या शतकाचा. 'अल-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग त्यांनी शस्त्रक्रियेला दिला आणि त्यात हत्यारांची चित्रे काढली. गळ्याची गाठ सुईने चाचपल्याचे श्रेय त्यांना दिले जाते. पण सूक्ष्मदर्शक यायला अजून काही शतके होती. गाठीत काय भरले आहे ते डोळ्यांना दिसत होते, पेशी दिसत नव्हत्या. म्हणून तिला आजच्या अर्थाने बायोप्सी म्हणता येत नाही. अभिमान जरूर बाळगावा; पण हजार वर्षांपूर्वीच्या सुईचा अभिमान आणि आजच्या सुईची भीती, हे दोन्ही एका घरात कसे नांदतात?

पुढची वाट युरोपात निघाली. १८५८ साली रुडॉल्फ फिर्को यांनी आजाराचे मूळ पेशीत शोधावे, हा विचार ठामपणे मांडला. १८७९ साली फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्ट बेस्निये यांनी 'बायोप्सी' हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जिवंताचे दर्शन'. मेल्यानंतर शरीर उघडून कारण शोधायचे, ही जुनी रीत होती. माणूस जिवंत असताना, उपाय शक्य असताना कारण शोधायचे, ही नवी रीत झाली. १९३० साली न्यूयॉर्कच्या मार्टिन आणि एलिस यांनी सुईने पेशी ओढून गाठींचे निदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

आपल्याकडे ही विद्या रुजवण्यात मोठा वाटा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा. १८९५ साली क्वेट्ट्यात जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. मिळवली. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. कर्करोगाबरोबरच त्यांनी कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांचाही सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. म्हणजे लोक ज्या दोन आजारांचे नावही घेत नसत, त्यांच्याकडे त्यांनी काचेतून शांतपणे पाहिले.

हे सारे मुंबईचे झाले. खेड्यातल्या बाईचे काय? याचे उत्तर आपल्याच मराठवाड्याने दिले. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली. दोष आढळलेल्यांना पुढे बोलावून संशयित जागेचा तुकडा तपासला आणि गरजेप्रमाणे उपचार केले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांत १२७ कर्करोग सापडले आणि ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ११८ कर्करोग आणि ६४ मृत्यू. आजार जवळपास तेवढेच, मरण मात्र निम्मे. कारण पहिल्या गटात तो लवकर सापडला. दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे वादही झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

सुईने आजार पसरण्याचे प्रकार अगदी विरळ आहेत आणि जिथे तसा धोका असतो तिथे डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. सुई लावल्यावर आजार कळतो. तो आधीपासूनच असतो. उशिरा कळला, की दोष सुईवर जातो.

पैसा, अंतर, परक्या पुरुषासमोर उघडे होण्याचा संकोच, या अडचणी खऱ्या आहेत. परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्त्री डॉक्टर मागण्यात लाज नाही. घरातल्या पुरुषांनी बसभाडे काढून ठेवावे आणि म्हाताऱ्यांनी आपला जुना सल्ला बदलावा. खालांच्या मुलीच्या वेळी तरी तो बदललेला असावा.