नदीच्या वरच्या अंगाला : नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील वस्तीचा इतिहास

मुंबईची उपनगरे लोहमार्गाच्या कडेने वाढली आणि दादर, विलेपार्ले किंवा मुलुंड येथे बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाने घर निवडताना स्थानक किती जवळ आहे, हे आधी पाहिले; नाशिकमध्ये मात्र सधनांचे उपनगर स्थानकाच्या उलट दिशेला उभे राहिले. गोदावरी शहरात पश्चिमेकडून येते आणि आग्नेयेकडे निघून जाते. नाशिक रोड स्थानक आग्नेयेस, जुन्या गावापासून सुमारे नऊ किलोमीटरांवर आहे, तर गंगापूर रस्ता पश्चिमेस, प्रवाहाच्या वरच्या अंगाला. येथील श्रीमंतीने रुळांपेक्षा पाण्याची सोबत धरली, आणि या वस्तीत राहायला जाण्याचे बहुतेक नफे-तोटे त्या निवडीतून निघालेले आहेत.

ही निवड पेशवाईइतकी जुनी आहे. रघुनाथरावांनी या बाजूला वाडा बांधून राहते ठिकाण केले आणि गावाला त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या नावावरून आनंदवल्ली हे नाव मिळाले. त्याच वाटेवर पुढे गंगापूर येथे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई पुत्राशी मतभेद झाल्यावर येऊन राहिल्या. दोघांचेही येथील वास्तव्य पुण्याच्या दरबारापासून दूर राहण्याशी जोडलेले होते, त्यामुळे आज ज्या भागाची जाहिरात निवांतपणासाठी केली जाते, त्याच्या पहिल्या मातब्बर रहिवाशांना तो निवांतपणा कितपत गोड लागला असेल, अशी शंका घेण्यास जागा आहे.

एकोणिसाव्या शतकात वाढीचा ओढा दुसरीकडे वळला. रेल्वे आल्यावर स्थानक आणि गाव जोडण्यासाठी १८८९ मध्ये ट्राम सुरू झाली. प्रारंभी ती घोडे ओढत, आणि तोट्यामुळे १९३० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. दरम्यान १९२० च्या दशकात नाशिक रोडला सरकारी छापखाने निघाले, ज्यांना सारे शहर नुसते 'प्रेस' म्हणते. स्थानकाभोवती अशा रीतीने नोकरदार आणि कामगार यांची वस्ती वाढली.

सुखवस्तू कुटुंबे अजून गावठाणात, म्हणजे मूळ गावाच्या दाट वस्तीत, वाड्यांमध्ये राहत होती. दिंडी दरवाजातून आत गेल्यावर चौक, चौकात आड, सभोवती ओसरी आणि माजघर, मागे सामाईक संडास, अशी या वाड्यांची सर्वसाधारण रचना असे. मालक एका भागात राही आणि उरलेल्या खोल्यांत भाडेकरू. मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने (१९४७) भाडे गोठवले, त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला स्वस्तातली खोली सोडवेना. लाकडी तुळया कुजत गेल्या. पावसाळ्यात वाड्याची भिंत खचल्याच्या बातम्या आजही येतात. पश्चिमेकडे झालेल्या स्थलांतराला बंगल्याच्या हौसेइतकाच हा कोंडमाराही कारणीभूत होता.

नव्या वस्तीची वाट शिक्षणसंस्थांनी पाडली. १९२४ मध्ये निघालेल्या एच. पी. टी. महाविद्यालयामुळे कॉलेज रोडला त्याचे नाव मिळाले, १९३७ मध्ये डॉ. बा. शि. मुंजे यांनी भोसला सैनिकी शाळा काढली, आणि १९६९ मध्ये के. टी. एच. एम. महाविद्यालय आले. १९६५ च्या सुमारास गंगापूरचे मातीचे धरण पूर्ण झाले आणि शहराच्या पाण्याचा मुख्य आधार याच बाजूला आला. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीने व्यवस्थापक, अभियंते आणि छोटे कारखानदार यांचा वर्ग आणला. शेतजमिनी बिनशेती झाल्या, म्हणजे शेतीखेरीज वापरासाठी सरकारची परवानगी घेऊन त्यांचे भूखंड पाडण्यात आले, आणि बंगल्यांच्या कॉलन्या वसल्या. कामगारांसाठी सिडकोने नवीन नाशिक उभारले ते शहराच्या दुसऱ्या अंगाला. १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन होऊन हे सारे एका कारभाराखाली आले, तरी पत्ता सांगताच माणसाची ऐपत ताडण्याची सवय शहराला तेव्हापासूनच लागली, असे म्हणावे लागते.

मोठी खोली, झाड लावण्यापुरते अंगण, चालत जाता येईल अशी शाळा हे लाभ खरे होते. त्यांची किंमत मुख्यतः मुंबईत नोकरी करणाऱ्याने मोजली. १ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झालेली मनमाड–मुंबई पंचवटी एक्सप्रेस नाशिक रोडहून सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि साडेतीन तासांहून अधिक वेळ घेऊन मुंबईला पोहोचते. रोज असे जाऊन-येऊन नोकरी करण्याला 'अप-डाऊन' म्हणतात. प्रेसजवळ राहणारा चाकरमानी स्थानकावर पायी जातो, पण आनंदवल्लीचा पासधारक पहाटे दुचाकी काढून शरणपूर रोड, द्वारका असे सगळे शहर आडवे कापतो, स्थानकाबाहेर गाडी लावतो, आणि रात्री दहाच्या पुढेमागे त्याच वाटेने परततो. गाडीतले पासधारक मात्र एकमेकांना घट्ट धरून असतात. डब्यातील वर्तनाचे नियम त्यांनी स्वतः घालून घेतले आणि पाळलेही. उपनगरात न मिळणारा शेजार पुष्कळांना रेल्वेच्या बाकावर लाभला.

कारण शेजार हीच मागे राहिलेली मोठी गोष्ट होती. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे पेशवेकालीन दगडी हौद, उघडून रंगाच्या पाण्याने भरल्या जातात आणि तिवंधा किंवा शनी चौकात त्यांत उड्या मारण्यासाठी झुंबड उडते. कॉलनीत रंग खेळला जातो, पण रहाड नाही. ती बांधून आणता येत नाही. नदीच्या जवळिकीलाही दुसरी बाजू आहे. पुराचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून गावठाण धोका ओळखते आणि सराफ बाजार दुकाने रिकामी करतो. नव्या वस्तीपाशी असे पिढीजात माप नव्हते. २००८ च्या पुरानंतर निळ्या आणि लाल पूररेषांची, म्हणजे अनुक्रमे पंचवीस आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या मर्यादांची चर्चा घराघरांत पोहोचली, आणि नदीकाठचा म्हणून जादा दराने घेतलेला भूखंड काहींच्या गळ्यात पडला.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यावर मोटारीने अप-डाऊन करण्याचा विचार अनेक घरांत होऊ लागला. मुंबईचा रस्ता मात्र शहरातून पाथर्डी फाट्याच्या बाजूने, नैर्ऋत्येकडे निघतो. गंगापूर रस्त्यावरच्या मोटारीला तिथे पोहोचण्यासाठी आधी सातपूर आणि अंबडची वाहतूक ओलांडावी लागते.