केपचा परवाना आणि हबसाणचा संसार

१/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावर असे अनेक संसार होते, ज्यांत नवरा केपटाऊनला आणि बायको गावात असे. पत्नीला आफ्रिकेत नेण्याचा हक्क कायद्याने मान्य केलेला होता. तो केव्हा वापरायचा, हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेला आणि १९५३ साली दारच बंद झाले. परवाने, पावसाळा आणि मुदती यांत सापडलेल्या या संसारांविषयीचा हा थ्रेड.

२/ प्रथम भूगोल. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. त्याच्या दक्षिणेकडील मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन हा मुलूख १९४८ पर्यंत सिद्दींच्या जंजिरा संस्थानात होता. हबशांचा मुलूख म्हणून लोक त्याला 'हबसाण' म्हणत. येथील कोकणी मुसलमानांना समुद्र परका नव्हता. मुंबईच्या आगबोटींवर खलाशी म्हणून जाणे ही या किनाऱ्यावरची जुनी वाट होती.

३/ दक्षिण आफ्रिकेतील भारतीय म्हटले की नाताळच्या उसाच्या मळ्यांतील गिरमिटिये आठवतात. त्यांचे जाणे १८६० साली सुरू झाले. केपटाऊनची कथा निराळी आहे. तेथे गेलेले बहुतेक लोक स्वतःचे भाडे भरून गेले, म्हणून त्यांना 'पॅसेंजर इंडियन' म्हणत. त्यांत हबसाण आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील कोकण्यांचा भरणा मोठा होता. 'पॅसेंजर' या शब्दाने श्रीमंत व्यापारी डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात हे लोक फेरीवाले, दुकानातले नोकर आणि मजूर होते.

४/ ही वाट फार काळ मोकळी राहिली नाही. केप वसाहतीच्या १९०२ च्या स्थलांतर कायद्याने नव्या माणसाला युरोपीय भाषेत अर्ज लिहिण्याची अट घातली. १९०६ च्या कायद्याने ज्यूंच्या यिडिश भाषेला युरोपीय मानले. मराठी, उर्दू किंवा गुजराती लिहिणारा मात्र कायद्याच्या लेखी निरक्षर ठरला. आधीच स्थायिक झालेले पुरुष, त्यांच्या पत्नी आणि सोळा वर्षांखालील मुले यांना या परीक्षेतून सूट होती. पुढच्या सर्व घडामोडी या एका सवलतीभोवती फिरतात.

५/ स्थायिक झालेल्यालाही गावी येणे सोपे नव्हते. केप सोडण्यापूर्वी परवाना काढावा लागे. त्यावर छायाचित्र, बोटांचे ठसे आणि परतीची मुदत असे. ती उलटली तर अनेक वर्षे तेथे राबलेला माणूसही 'निषिद्ध प्रवासी' ठरू शके. त्यामुळे गावी येणाऱ्याच्या खिशात परतीचा दिवस आधीपासूनच लिहिलेला असे. निकाह, घराची डागडुजी, आईवडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न हे सारे त्या दिवसाच्या आत उरकायचे. पुष्कळदा मूल जन्मण्यापूर्वीच बाप पुन्हा बोटीवर चढलेला असे.

६/ १९१३ मध्ये या सवलतीलाच धक्का बसला. हसन इसप यांची पत्नी बाई मरियम हिला प्रवेश नाकारण्यात आला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी निर्णय दिला की, ज्या धर्माला बहुपत्नीत्व मान्य आहे त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह या कायद्यापुरता विवाह नव्हे. या न्यायाने एका दिवसात असंख्य भारतीय स्त्रिया, हिंदू असोत वा मुसलमान, कायद्याच्या दृष्टीने 'पत्नी' उरल्या नाहीत.

७/ गांधींच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या, त्यामागे हा अपमान होता. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबांनी परवान्याविना प्रांताची सीमा ओलांडली आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. अखेर १९१४ च्या 'इंडियन्स रिलीफ ॲक्ट'ने प्रत्येक पुरुषाची एक पत्नी आणि तिची अल्पवयीन मुले यांना मान्यता दिली. स्त्रियांनी तुरुंगवास सोसून हा हक्क मिळवला होता, हे पुढील भाग वाचताना ध्यानात ठेवावे.

८/ हक्क मिळाला, तरीही हबसाणातील बहुसंख्य स्त्रिया गावातच राहिल्या. भाडे मोठे आणि कमाई तुटपुंजी होती. केपटाऊनमध्ये चार पुरुष एका खोलीत राहत. तेथे कुटुंब ठेवायचे कसे? इकडे भातखाचर होते, नारळी-पोफळी होत्या, थकलेले सासूसासरे होते. बायको गेली तर हे कोण पाहणार? तिची इच्छा विचारली गेली असेलच असे नाही. सरकारी कागदांत तिचा आवाज क्वचितच येतो. तिच्या कष्टांवर गावातले घर मात्र उभे राहिले.

९/ जायचे ठरलेच, तर पहिली मुदत निसर्गाची. मुरूड-श्रीवर्धनहून मुंबईला जाणारी किनाऱ्यावरची आगबोट पावसाळ्यात बंद असे. एरवीही ती किनाऱ्याला लागत नसे; पडावात बसून तिच्यापर्यंत जावे लागे. लेकरे आणि पेट्या घेऊन निघायचे तर पाऊस सुरू होण्यापूर्वी, नाहीतर नारळी पौर्णिमा उलटल्यावर. मुंबईहून आफ्रिकेचा प्रवास आणखी काही आठवड्यांचा. वैशाखात कागद हाती आले नाहीत, तर निम्मे वर्ष सहज हातचे जाई.

१०/ दुसरी मुदत मुलाच्या वयाची. सोळावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वी तो पोचला तर आत, नंतर बाहेर. गावात जन्मतारखेचा कागद दुर्मीळ, त्यामुळे केपमधील अधिकारी प्रत्येक वयाकडे संशयाने पाहत. डॉक्टर मुलाची तपासणी करून वय ठरवत आणि अधिकारी त्याला नात्यागोत्याचे प्रश्न विचारत. संशय सर्वस्वी निराधार नव्हता, कारण पुतण्याला मुलगा म्हणून नेण्याचे प्रकार घडत होते. पण दार इतके अरुंद केले की माणसे वाकून शिरणारच.

११/ या दोन मुदतींतून एक प्रघात पडला: बायको गावी राहायची आणि मुलगा बाराव्या-चौदाव्या वर्षी बापाकडे जायचा. १९२७ च्या केपटाऊन कराराने त्यालाही आळा घातला. आई हयात असेल तर तिच्या आधी मुलाला तेथे वास्तव्य करता येणार नाही, असे ठरले. अपवाद मंत्र्यांच्या मर्जीवर. पत्नी आणि मूल कायदेशीर असल्याचा दाखला भारत सरकारने द्यायचा होता. शिवाय सलग तीन वर्षे देशाबाहेर राहिलेल्याचा तेथील अधिवासही संपणार होता.

१२/ आता निर्णय अधिक कठीण झाला. मुलाचे भवितव्य आईच्या प्रवासाला बांधले गेले होते. ती गेली तर गावचे घर ओस पडे. न गेली तर मुलाचे सोळावे वर्ष निघून जाई. बाप तिला नेण्यासाठी आला तर तीन वर्षांचे घड्याळ त्याच्याही मागे चालू असे. सासूचे आजारपण, एक फसलेले पीक किंवा न मिळालेला दाखला, यांपैकी एखादी गोष्टसुद्धा सारा बेत मोडायला पुरेशी होती.

१३/ त्यात १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले. मुंबई-दरबान मार्गावरील 'करांजा' ही आगबोट युद्धकामाला घेतली गेली आणि १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बाँबहल्ल्यात बुडाली. समुद्र धोक्याचा झाला आणि 'यंदा नको, पुढच्या साली' हा सल्ला शहाणपणाचा ठरला. युद्ध संपले, पण १९४६ साली वर्णभेदी कायद्यांच्या निषेधार्थ भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. १९४८ मध्ये तेथे नॅशनल पार्टीचे सरकार आले.

१४/ १० फेब्रुवारी १९५३ रोजी गृहमंत्री डॉ. डोंगेस यांनी घोषणा केली की, भारतात विवाह केलेल्यांच्या पत्नी आणि मुलांना यापुढे प्रवेश मिळणार नाही. त्याच वर्षीच्या कायद्याने ती अमलात आली. आधीच्या विवाहांसाठी मर्यादित मुदत ठेवली गेली. चाळीस वर्षे ज्या प्रश्नाला 'पुढे पाहू' हे उत्तर पुरत होते, त्याचे उत्तर आता त्या मुदतीत देणे भाग पडले: बायकोने गाव कायमचे सोडायचे, नवऱ्याने केप कायमचे सोडायचे, की दोघांनी असेच दोन किनाऱ्यांवर म्हातारे व्हायचे?

१५/ अनेक वेळा या कथेचा दोष कुटुंबांना दिला जातो: वेळेवर का गेले नाहीत? पण उशीर हा त्यांचा आळस नव्हता. दोन्ही किनाऱ्यांवर पाय ठेवणे हीच त्यांची जगण्याची रीत होती. केपच्या मजुरीवर गावची शेती टिके आणि गावच्या शेतीच्या भरवशावर केपची मजुरी परवडे. कायद्याला मात्र एकच पत्ता हवा होता. हक्क देताना त्याने मुदती अशा लावल्या की गरिबाला तो वापरणे जवळजवळ अशक्य व्हावे.

१६/ आजही पत्नीच्या नावे मिळणाऱ्या व्हिसावर तारीख असतेच. अमेरिकेचा स्थलांतर व्हिसा साधारणतः सहा महिन्यांचा असतो आणि वैद्यकीय तपासणीच्या मुदतीशी बांधलेला असतो. विवाहाला दोन वर्षे होण्यापूर्वी प्रवेश केला तर रहिवास दोन वर्षांपुरता आणि सशर्त. नंतर केला तर दहा वर्षांचे कार्ड. नोकरीचा राजीनामा, मुलांची शाळा, आईचे ऑपरेशन यांचा मेळ त्या तारखेशी घालत बसलेली जोडपी आजही घरोघरी दिसतात.

१७/ केपटाऊनच्या अभिलेखागारात त्या जुन्या परवान्यांच्या फायली आजही आहेत. छायाचित्रांतून बहुतांशी पुरुष पाहतात. ज्यांच्यासाठी ते परतीची मुदत मोजत होते, त्या स्त्रिया तेथे फार थोड्या दिसतात. त्यांच्या खुणा इकडे आहेत: निकाहाच्या नोंदीत, जपून ठेवलेल्या पत्रांत, वृद्ध आजींच्या आठवणींत. मुरूड ते श्रीवर्धन या पट्ट्यात कुणाच्या घरी अशी पेटी असेल, तर ती उघडण्याची मुदत अजून संपलेली नाही.