ॲरिझोनातला लंडन ब्रिज

ॲरिझोनात लेक हवासू सिटीला गेलात, तर वाळवंटात लंडन ब्रिज दिसेल. नक्कल नव्हे, जॉन रेनीच्या आराखड्यावर बांधलेला आणि १८३१ साली थेम्सवर खुला झालेलाच पूल. विसाव्या शतकात तो रहदारीच्या ओझ्याने खचू लागला, तेव्हा लंडनच्या कारभाऱ्यांनी तो विकायला काढला. १९६८ साली रॉबर्ट मॅकलक या यांत्रिक करवतींच्या कारखानदाराने २४,६०,००० डॉलर मोजून तो घेतला. त्याला आपल्या नव्या गावाकडे लोक ओढायचे होते. (टॉवर ब्रिज समजून त्याने भलताच पूल घेतला, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. त्याने तो साफ नाकारला होता.)

दगडांवर क्रमांक घालून ते पनामा कालव्यातून कॅलिफोर्नियाला आणले, तिथून ट्रकने वाळवंटात. पण मेख अशी, की आतला सांगाडा नव्या काँक्रीटचा. जुना ग्रॅनाइट फक्त बाहेरून चढवलेला. पूल उभारला तोही कोरड्या जमिनीवर, आणि मग त्याच्याखालून कालवा खणला. आधी पूल, मागून पाणी! ऑक्टोबर १९७१ मध्ये थाटात उद्घाटन झाले.

इयन नेर्न या ब्रिटिश वास्तुसमीक्षकाने १९५५ साली ‘आर्किटेक्चरल रिव्ह्यू’च्या एका विशेषांकात तक्रार मांडली होती, की गावोगावी तेच खांब, त्याच तारा, तेच फलक येऊन प्रत्येक ठिकाणाचा चेहरा पुसला जातोय. त्याला त्याने ‘सबटोपिया’ असे नावही दिले. त्याच्या नजरेने पाहिले तर लंडन ब्रिजचा चेहरा निव्वळ कमानींत नव्हता. थेम्सची भरती-ओहोटी, काठावरच्या वखारी, सकाळी स्टेशनातून कचेऱ्यांकडे निघालेला लोंढा, हे सगळे मिळून तो पूल होता. यातले काहीच जहाजात चढले नाही.

मुंबईत वाढलेल्या वाचकाला उलट उदाहरण रोजच्या पाहण्यातले असते. १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर घ्या. गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून नकाशे काढले. तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. पण दगड कुर्ल्याचा, आणि वर उभे असलेले पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे पुतळे मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याने घडवलेले. शैली परकी असूनही ती इमारत दुसरीकडे कुठे शोभेल, असे मला वाटत नाही. जवळच वॉटसन हॉटेल आहे. त्याचा लोखंडी सांगाडा १८६०च्या दशकात विलायतेत ओतून बोटीने आणला आणि इथे जोडला. म्हणजे सुटे भाग करून इमारत समुद्रापार नेण्याचा हा प्रयोग आपल्याकडे शंभर वर्षे आधी झाला होता! पुढे हॉटेल बंद पडले, त्यात वकिलांची ऑफिसे भरली, आणि विलायती सांगाडा पुरता मुंबईकर झाला.

हवासूला पुलाच्या पायथ्याशी ‘इंग्लिश व्हिलेज’ नावाचा देखावा मांडला. ते खरे सबटोपिया. तिकडे वेळ घालवू नका. पुलावर मात्र थोडे थांबा. कालवा खणल्यावर पलीकडची जमीन बेट झाली, आणि मोटारीने तिथे जायला आज हाच रस्ता आहे. शनिवार-रविवारी त्यावरून मासेमारीच्या होड्या ओढणारे ट्रक हळूहळू सरकत असतात.