धानावरील तुडतुडे : बुडाशी बघा, वहीत लिहा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबर आला की ‘मावा-तुडतुडा लागला’ असे बोल कानावर येतात. खरे तर हा मावा नव्हेच. तपकिरी तुडतुडा पानावर दिसत नाही; चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या जरा वर बसून रस शोषतो. त्यामुळे बांधावरून धान हिरवेगार दिसते आणि काही दिवसांतच मधोमध गोल चट्टा करपून जातो. खरीप 2017 मध्ये या किडीने एवढे नुकसान केले की राज्य सरकारला बोंडअळीसोबत तुडतुड्यांसाठीही मदत द्यावी लागली.

म्हणून आठवड्यातून एकदा बांधीत उतरणे आलेच. कडेचे सोडून तिरपे चालत 20 चूड बघायचे. चूड थोडा वाकवून बुडाला हलक्या थापा मारायच्या, पाण्यावर पडलेले तुडतुडे मोजायचे. चुडामागे सरासरी 5 ते 10 भरले की फवारणीचा विचार करायचा.

वहीत तारीख, गट नंबर, वाण, पिकाची अवस्था आणि आकडा लिहावा. पाठीवर पांढरा पट्टा असलेले वेगळे मोजावे. पंखाकडेही लक्ष हवे. लांब पंखाचे उडून आलेले असतात, रात्री दिव्यावरही येतात. आखूड पंखाच्या माद्या दिसल्या तर कीड तिथेच ठाण मांडून वाढते आहे, असे समजावे. कोळी आणि हिरवट मिरीड ढेकूणही मोजावेत, ते तुडतुड्यांना खातात. ते भरपूर असताना सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले औषध मारले तर मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे आणखी वाढतात. दुकानदार देईल ते औषध घेण्याआधी हा आकडा सहायक कृषी अधिकाऱ्याला सांगितलेला बरा.

कृषी विभागाचे क्रॉपसॅप सर्वेक्षण 2009-10 पासून सुरू आहे, पण ते निवडक शेतांवर होते. तुमची बांधी त्यात असेलच असे नाही. चट्टा दिसला तर मोबाइलमध्ये लोकेशन चालू करून एक फोटो बुडाचा, एक संपूर्ण बांधीचा काढावा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसते ‘लागला’ न लिहिता गट नंबर आणि चुडामागचा आकडा टाकला, तर शेजारचा त्याच दिवशी आपली बांधी बघेल.